पोकळ भिंतीवर नजर

११ जानेवारी १९९८, रविवार
आजपासून ही वही. कारण एकच, लक्ष ठेवणे. खारघरला आमच्या सोसायटीची इमारत चढते आहे. तळमजला अधिक तीन, आठ फ्लॅट. आठ मेंबरांत बांधकामातलं कळणारा मी एकटा. बांधकाम खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. टेबल आवक-जावकचं होतं, पण किती पुलांच्या फायली या हातांखालून गेल्या!

आर्किटेक्ट श्रुती मॅडम म्हणून आहेत. वय तिशीच्या आसपास. फार हसतात. नोंद केली.

१८ जानेवारी
साइटवर विटा उतरल्या. रंग करडा! मॅडम म्हणाल्या, वीजकेंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या आहेत, शेतातली माती वाचते. म्हणजे दुसऱ्यांचा कचरा आमच्या भिंतीत. चेअरमन आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. आप्पा म्हणाले, त्यांना रंग आवडला. आप्पा भोळे आहेत.

२५ जानेवारी
स्वतः टेस्ट घेतली. राखेची वीट डोक्याच्या उंचीवरून टाकली. फुटली नाही. नमुन्याच्या विटा मुद्दाम पक्क्या ठेवल्या असणार. मग शेजारच्या प्लॉटवरची लाल वीट आणून टाकली. तिचे तीन तुकडे. अस्सल माल नाजूक असतो.

१५ मार्च, सकाळी ११
सापडलं! भिंत पोकळ आहे. मिस्त्री गंगाराम विटा उभ्या लावतो आणि मधे तीन इंच जागा सोडतो. माझ्या डोळ्यांदेखत. विचारलं तर म्हणतो, मॅडमनीच शिकवलं, विटा कमी लागतात आणि घर थंड राहतं. विटा कमी लागतात हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं.

पोकळी मोजायला लाकडी पट्टी आत घातली. हातातून सुटली. आता ती आप्पांच्या बेडरूमच्या भिंतीत आहे. पुरावा म्हणून राहू दे.

२२ मार्च
मीटिंग. मी पंचवीस मिनिटं बोललो. मॅडमनी फळ्यावर बाण काढून दाखवलं, की मधल्या हवेमुळे उन्हाची झळ आत कमी येते. सगळ्यांनी माना डोलावल्या. हवा विकतायत आणि लोक घेतायत. मी विरोध लेखी नोंदवला आणि माझ्या फ्लॅटला लाल विटांची भरीव भिंत मागितली. खिडकीवरचा खोल छज्जाही नको. उजेड अडवून कोणाचं भलं होणार आहे?

मॅडम लगेच हो म्हणाल्या. इतक्या लगेच? फक्त एवढंच म्हणाल्या, "काका, तुमची बाजू पश्चिमेची आहे. एकदा काकूंना विचारा."

घरातले निर्णय मी घेतो. विचारलं नाही.

९ ऑगस्ट
इमारतीच्या भिंती पूर्ण झाल्या. माझ्या भिंतीची प्रत्येक वीट मोजून घेतली. पश्चिमेला मोठी सरकती काच. शेजारी आप्पांचा फ्लॅट. त्यांचीही बाजू पश्चिमेचीच, पण भिंत पोकळ आणि छज्जा खोल. वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

१४ फेब्रुवारी १९९९
गृहप्रवेश. भिंतीवर मूठ आपटून पाहुण्यांना आवाज ऐकवला. ठण्ण! हात अजून दुखतो आहे.

२१ मार्च
दुपारी थोडं गरम होतं. नवीन प्लास्टर ओलावा सोडतं, त्यामुळे. महिन्याभरात थांबेल.

११ एप्रिल
थांबलं नाही. सौ.ने काचेला जुनी चादर बांधली. दुपारभर घरात दिवा लावून बसतो. ती सहज म्हणाली की आप्पांकडे बरं असतं. मला शंका आहे, आप्पांनी गुपचूप कूलर घेतला असावा. जिन्यात उभा राहून कान दिला. आवाज नाही. बिनआवाजाचा असेल.

२ मे
श्रुती मॅडम कॉलेजची चार मुलं घेऊन आल्या. इमारतीचं तापमान मोजणार आहेत. सगळे फ्लॅट सोडून आप्पांचा आणि माझा निवडला. उशिरा का होईना, बाईंना माझी भिंत अभ्यासायची गरज वाटली. थर्मामीटर हॉलमध्ये टांगू दिला. मुलांना खात्यातले अनुभव सांगितले. त्यांनी लिहून घेतले नाहीत.

६ मे, दुपारी ३
सौ. ओट्यापाशी खाली बसली. उठवेना. डोळे पांढरे. मी पाणी समजून हाताला लागलं ते आणलं, तेल निघालं. आप्पा धावत आले, तिला उचलून त्यांच्या घरी नेलं. डॉक्टर येऊन गेले. बी.पी. आणि उष्णता. वेळेवर हलवलं म्हणून बरं, असं म्हणाले. मी तिची चप्पल हातात धरून आप्पांच्या दारातच उभा होतो, इथे लिहायला हरकत नाही.

संध्याकाळी तिला म्हटलं, यंदा उन्हाळाच जबरदस्त आहे. ती म्हणाली, "मी आता रोज दुपारची आप्पांकडे असेन. तुम्ही भिंत सांभाळा."

पोळी मात्र वाढली.

१३ मे
मुलांचा तक्ता नोटीस बोर्डावर लागला. दुपारी तीनला आप्पांकडे तेहतीस, माझ्याकडे अडतीस. माझ्या आकड्याखाली लिहिलंय, 'तुलनेसाठी घेतलेलं घर.' बोर्डापुढे सहा जण उभे होते. मी आल्यावर पाण्याच्या टाकीबद्दल बोलू लागले.

थर्मामीटर सदोष असू शकतो. मॅडमना फोन केला. म्हणाल्या, दोन्हींची जागा बदलूनही मोजलं होतं, काका. आणि काकूंची तब्येत कशी आहे? मी फोन ठेवला. बरी आहे म्हणायचं राहून गेलं.

१६ मे, दुपारी २
आप्पांकडे गेलो, भिंतीला कुठे तडा गेलाय का ते तपासायला. सौ. कॉटवर शांत झोपली होती. बऱ्याच दिवसांनी तिला असं झोपलेलं पाहिलं. मी खाली चटईवर टेकलो. पाठ भिंतीला लागली.

आप्पांनी उशी पुढे केली. घेतली.

साडेपाचला जाग आली. तपासणी अपुरी राहिली. अशा गोष्टीचा निष्कर्ष एका दिवसात काढू नये. उद्या परत जावं लागेल. परवाही.