मधल्या खोलीतला खड्डा

माय, तुला जाऊन किती तरी वर्षं झाली, पण तुझ्याशी माझं एक भांडण अजून मिटलेलं नाही. घराच्या ऐन मधोमध तू मावशीला, विणताना पाय सोडून बसायचा, मागाचा खड्डा का खणू दिलास?

कापसाच्या तेजीची ती वर्षं. वेचणीची मजुरी कापसातच मिळायची, आणि विलायतेतून मागणी आली तसा तुझ्या ओटीतला कापूसही सोन्याच्या भावानं जाऊ लागला. तेवढ्यावर तू तेल्हाऱ्याला जागा घेतलीस, तीही एकटीनं नाही. तुझ्या शेजारी कोष्ट्याची विधवा कापूस वेचायची, तिच्याबरोबर. तू सूत कातणार, ती विणणार, चूल एकच. तिला मी मावशी म्हणायचं, हेही तूच परस्पर ठरवून टाकलंस.

मला अजून दिसतं, तुम्ही दोघी जमिनीवर राखेच्या रेघा ओढून घर मांडता आहात. जाड मातीच्या भिंती, वर धाबं, जळणाच्या पऱ्हाट्यांसाठी मागे पडवी, सुताला लावून उरलेल्या खळीचं पाणी लिंबाच्या झाडाकडे. आणि मधल्या खोलीत तो खड्डा. मामा डाफरतो, "चरखा उचलून नेता येते, खड्डा कोन उचलन? उद्या तू मेली का हे घर तिचंच हाये!"

तू मान वर न करता म्हणतेस, "कडेच्या खोल्या तापतात दादा. सूत तुटते तिचं. मधात ओल राह्यते."

मला मामाचंच पटलं. मी मावशीवर पाळत ठेवली. तिनं जास्तीची भाकर वाढली की वाटायचं, हिच्या मनात काहीतरी शिजतंय. तिनं माझ्यासाठी धोतर विणलं, तर मी ते उलटसुलट करून तपासत बसलो. तू मला चुलीपाशी ओढून खडसावलंस, "तिच्याकडं असं पाहू नको. हे तिचंबी घर हाये."

परवा मी शिकवतो त्या शाळेला सुट्टी लागली तसा अमरावतीहून घरी गेलो. मावशीला आता दिसत नाही, माग बंद पडलाय. म्हणाली, "भरून टाक तो खड्डा. तुह्या पोराले निजाले जागा व्हईन. मी जाईन अचलपूरले, भाच्याकडं."

इतकी वर्षं जिच्या डावाची वाट पाहिली, ती आपणहून निघाली होती. तरी मला वाटलंच, भाच्यानं काही शिकवून ठेवलं असेल. माती टाकायला गडी बोलावले. ते येईपर्यंत सहज काठावर बसलो, पाय खाली सोडले. समोरच तुझी चरख्याची जागा, तू हात पुढे केलास की सूत थेट तिच्या हातात पडावं इतकी जवळ.

गड्यांना परत पाठवलं. मावशीला म्हटलं, राहा. तर तिलाच माझा संशय. "काहून रे? काय हाये तुह्या मनात?"

तिला सांगता आलं नाही. हा कागदही कुठं धाडायचा नाही, म्हणून तुला सांगतो. घराची काळजी मामाला होती. मला एवढंच डाचायचं, की तिथं बसून तुम्ही दोघी हसायचात, आणि माझ्याजवळ तू तशी कधी हसली नाहीस.