डावी-उजवी चुकलेल्या बारा पाठी

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
सौंदर्यप्रसाधने तपासणी कार्यालय

विषय : चेहऱ्याच्या नव्या क्रीमचा परवाना सोमवारी देऊ नये याबाबत.
संदर्भ : आमच्या प्रयोगशाळेचा ‘या क्रीमने मुरुमे होत नाहीत’ हा अहवाल.

महोदय,

“पाठ झोपलेल्या माणसाच्या बाजूने वाचायची, आपल्या नाही,” असे मला काम शिकवणाऱ्या बाई बजावत. क्रीमने त्वचेची छिद्रे बुजतात का, हे मी पट्टीबरोबर निघालेल्या त्वचेच्या पातळ थरात सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. बारा जणींच्या पाठीवर महिनाभर दोन पट्ट्या होत्या; डावीकडे क्रीमची, उजवीकडे नुसती.

पट्ट्या काढायच्या दिवशी सहायक बाई पालथ्या झोपलेल्या बायकांच्या डोक्याशी उभ्या होत्या. स्वतःच्या डाव्या हाताची बाजू त्यांनी क्रीमची म्हणून नोंदवली. चूक माझ्या ध्यानात आली. परंतु रोज सकाळी अकरापर्यंत माझे मौनव्रत असते. अकराला सांगू, असे मी ठरवले. चिठ्ठी लिहावी, एवढेही सुचले नाही. अकरापर्यंत बाराही पाठी स्पिरिटने पुसून, कुठे कुठली पट्टी होती त्याच्या शाईच्या खुणा जाऊन, बायका घरी गेल्या होत्या.

मोजणीत नुसत्या पट्टीखालची छिद्रे बुजलेली आणि क्रीमखालची मोकळी निघाली. प्रयोगशाळेच्या साहेबांना ती चूक सांगितली, तर म्हणाले, “अहो ताई, तुमचं पुण्य फळाला आलं! आता डबीवर ‘मुरुमे घालवते’ असंच छापू.” दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते हसले नाहीत. दार लावून घेतले. “खुणा कुठायत? चुकीचं लिहिताना तुम्ही नुसत्या बघत होतात, असं कळवू का वर?” तेव्हापासून माझा जपही मोजताना चुकतो.

त्या बारांतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पाठीला डावीकडे अजून पुळ्या आहेत. परवा बाजारात भेटल्या. “पाठ झाकता येते हो, पण माझी पोरगी ते तोंडाला फासायला टपलीय. कुठली पट्टी कसली होती, तेवढं सांगाल ना?” मी सांगेन म्हटले, आणि तिथून सटकले.

तरी परवाना थांबवून चाचणी पुन्हा घ्यावी, दोष माझ्यावर ठेवावा, सहायक बाईंवर नको. फक्त प्रयोगशाळेच्या फोनवर विचारणा करू नये, हात जोडते. तो साहेबांच्या टेबलावर असतो.

हा अर्ज आपल्या खिडकीत देऊन मी तशीच शिवणवाल्या बाईंकडे जात आहे.

भीत भीत सही करणारी, आपली आज्ञाधारक,
(सही)
मोजणी कर्मचारी
शुक्रवार, दुपारी बारा