चाळणीतलं सोनं

प्रिय ताई,

लिहायचं लिहायचं म्हणून किती दिवस टाळलं, ते मोजायला बसू नकोस, मलाच लाज वाटेल. तुझं पत्र उशाशी ठेवून झोपत होतो. रोज ठरवायचो, आज लिहू. मग पेन सापडायचं नाही, पेन सापडलं की भूक लागायची, आणि जेवून आलो की मन कुठल्या कुठे. तू म्हणशील, यात नवीन काय सांगतोस. पण आज बसलोय. खाली रस्त्यावर बस उभी आहे, ड्रायव्हर टायरला लाथा मारून हवा बघतोय, आणि पायाची अशी चुळबुळ चाललीय की काही विचारू नकोस. आधी नोकरीचं सांगतो.

मी एका खाणीच्या संशोधन केंद्रात लागलोय. भावजींसमोर छाती फुगवून सांगू नकोस, संशोधन दुसरे करतात, मी दगड फोडतो. डोंगरात खोल भोकं पाडून दगडाच्या लांब लांब कांड्या काढतात, आपल्या काकडीएवढ्या जाड. प्रत्येक कांडी उभी चिरायची, अर्धी जपून ठेवायची, अर्धी आमच्या खोलीत यायची. मी ती यंत्राच्या जबड्यात घालतो, तिची खडी होते, मग भुकटी, मग ती चाळायची. भुकटीचा ढीग करायचा, चपटा करायचा, त्याच्या चार फाळ्या करायच्या. समोरासमोरच्या दोन ठेवायच्या, दोन टाकून द्यायच्या. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार फाळ्या. असं करत करत पोतंभर दगडाची मूठभर भुकटी उरते, आणि ती मूठ अख्ख्या पोत्याच्या वतीने बोलते. मला ते फार आवडलं. टाकलेल्या फाळ्यांकडे बघून मात्र वाटायचं, खरं काय ते ह्यांच्यातच असणार. तू मला तांदूळ निवडायला बसवायचीस आणि मी खड्यांची रांग लावत बसायचो, आठवतं? आईला सांग, तिच्या पोराला आता खडे निवडायचा पगार मिळतो.

खोलीत आम्ही दोघंच. मी आणि नाना. नाना म्हणजे कुणाचेच नाना नव्हेत, पण सगळे तसंच म्हणतात. आयुष्य ह्याच भुकटीत गेलेलं, भुवयासुद्धा करड्या झाल्यात, त्या वयाने की धुळीने हे त्यांनाही सांगता येणार नाही. मी पहिल्यांदा आलो तेव्हा मला बघून म्हणाले, हा काय टिकतोय, ह्याच्या चपला आत्ताच दाराकडे तोंड करून आहेत. खरंच होत्या. पण मग त्यांनीच मला ढीग कसा करायचा ते शिकवलं. फावडं टोकावरच रिकामं करायचं, घाई केली की जड कण एका बाजूला घरंगळतात आणि ढीग खोटं बोलतो. मी घाई केली की ते माझा ढीग मोडायचे आणि चहाला जायचे. ताई, कुणी इतक्या शांतपणे माझी चूक मोडलेली मला माहीत नव्हतं. आजवर जो तो आरडाओरडाच करायचा, आणि आरडाओरडा झाला की मी पिशवी उचलायचो.

आमच्या वर बाई आहेत. धातूच्या इंजिनिअर. भुकटीत काय आहे, ते दगडातून सुटं कसं करायचं, हे त्या शोधतात. त्यांच्याकडे मोठमोठ्या टाक्या आहेत, त्यात पाणी, भुकटी आणि कसलंसं तेल घालून खालून हवा सोडतात. वर फेस येतो आणि तांबं त्या फेसाला चिकटून वर येतं, माती खाली राहते. जड धातू बुडबुड्यावर बसून वर येतो, हे मी कामधाम सोडून बघत राहिलो होतो, तेव्हा बाई म्हणाल्या, बघून झालं असेल तर बादली द्या. बोलणं असं तुटक, पण चुकीचा आकडा त्यांच्या टेबलावरून पुढे गेला असं कधी झालं नाही म्हणतात. म्हणत होते, असं म्हणायला हवं आता.

आमच्या खोलीचा एक नियम आहे. आत जाताना अंगठी, साखळी, घड्याळ, सगळं दाराशी ठेवलेल्या ताटलीत काढायचं. दागिन्याचा कण भुकटीत गेला तर डोळ्याला दिसणार नाही, पण तपासणीच्या भट्टीला दिसतो. ही सोन्याची भट्टी याच वर्षी आली, आधी फक्त तांबं तपासायचे. मीही याच वर्षी आलो. हे लक्षात ठेव.

तर झालं असं, की आमच्या भुकटीत सोनं निघालं. सगळ्या नाही, मधूनच. केंद्रात नुसता धुमाकूळ. डोंगरावर मोठं भोक पाडायचं यंत्र चढवायचं ठरलं, चहावाल्याने दुकानाचं नाव बदलायचं म्हटलं. बाईंनी मात्र जपून ठेवलेल्या अर्ध्या कांड्या दुसरीकडे तपासायला पाठवल्या. तिथे सोन्याचा मागमूस नाही. म्हणजे सोनं डोंगरात नव्हतं, आमच्या खोलीत होतं. मग कुजबुज सुरू झाली, की कुणीतरी मुद्दाम मिसळलं. नानांवर संशय घेणार कोण? राहिलो मी, ना घरचा पत्ता धड, ना शिक्षण धड. फाटकावरचा पहारेकरी रोज विचारतो, काय सोनेवाले, पेरून झालं का आज? मी पण म्हटलं, झालं, आता पाऊस पडला की तुमच्या टोपीत उगवेल. तो हसला नाही. साहेब लोक बाईंनाही विचारायला लागलेत, की असल्या माणसांच्या हातची भुकटी तुम्ही खरी मानलीच कशी. उद्या सकाळी चौकशी आहे.

आणि ताई, मला माहीत आहे सोनं कुठून येतं.

नानांच्या उजव्या हाताच्या एका बोटाला कायम चिकटपट्टी असते. चीर पडलीय म्हणायचे. कसली चीर ही, भरतच नाही, असं मी गमतीने म्हणायचो. मागे एकदा नळावर हात धुताना पट्टी सुटली. खाली अंगठी होती, पार झिजून तारेसारखी झालेली. त्यांच्या बायकोची. ती गेल्यावर त्यांनी घातली, मग सांधा सुजला आणि ती निघेना. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. कापली तरच निघेल, आणि कापायची त्यांची तयारी नाही. त्यांनी पट्टी पुन्हा गुंडाळली आणि म्हणाले, पाणी बंद कर, वाया जातंय. बस. तेव्हा मलाही त्यात काही वाटलं नाही.

पण चाळणीवर शेवटी काही कण अडकून बसतात ना, ते ब्रशने झाडायचे असा नियम आहे. ब्रश हट्टी कणांना भितो म्हणतात नाना, आणि बोटांनी घासून घासून ते खाली पाडतात. जुनी सवय. घासता घासता पट्टी झिजते, मग जाळीवर अंगठी घासते. परवा त्यांचा हात चालताना बघत होतो आणि एकदम ती अंगठी आठवली. त्यांच्या हे लक्षातच आलेलं नाही, ताई. तेही इतरांसारखेच विचारत होते, कोण असेल रे हा हरामखोर? ते असं मला विचारत होते, माझ्याकडे संशयाने न बघता. केंद्रात तसे ते एकटेच.

मग डोक्यात आलं, आपण निघून जावं. मी गेलो की चोर पळाला म्हणतील, चौकशी संपेल, नाना सुखाने राहतील. नाही तरी जायचंच असतं मला कुठून ना कुठून, निदान एकदा कुणाच्या तरी उपयोगी पडेल. पिशवी भरली, पोराने खेळणं भरावं तशा खुशीने भरली. आणि मग वाटलं, उद्या नाना पुन्हा चाळणी घासतील, पुन्हा सोनं निघेल. चोर तर गेला, मग हे सोनं खरं धरून यंत्र रिकाम्या डोंगरावर चढेल, बाईंचा कुठलाच आकडा कुणी खरा मानणार नाही, आणि शेवटी कधीतरी ते नानांच्या बोटापर्यंत पोचतीलच, तेव्हा त्यांच्या शेजारी कुणी नसेल.

म्हणून आज दुपारी जेवताना मी त्यांना सांगितलं. सरळ सांगता आलं नाही. आधी ब्रशचं काढलं, मग चाळणीचं, मग नुसतं त्यांच्या हाताकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. इतका वेळ बघितलं की मला वाटलं मी काय करून बसलो. माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही, असं मी म्हटलं. डबा तसाच उघडा टाकून ते उठले आणि फाटकाबाहेर गेले. पहारेकऱ्याने हाक मारली तरी थांबले नाहीत. तेव्हापासून त्यांचा पत्ता नाही. त्यांच्या घरी दोनदा जाऊन आलो, कुलूप.

आता खरं सांगतो, पत्र का लिहायला घेतलं. लहानपणी कुणी ओरडलं की मी स्टँडवर पळायचो आणि तू मागून येऊन माझ्या शर्टाचं टोक धरून बसायचीस. समजूत घालायची नाहीस, काही नाही, नुसतं धरून बसायचीस, बस जाईपर्यंत. इथे धरायला कुणी नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. इतकी पानं भरली ती त्यासाठीच. तुला लिहिता लिहिता उठून जाणं मला जमत नाही. मघाशी हॉर्न वाजला, दोनदा वाजला, मी मान खाली घालून चाळणीचं लिहीत राहिलो. आत्ता खिडकीतून बघितलं, रस्ता रिकामा आहे. बस गेली, ताई. उद्या चौकशीला मी असेन. नानांचं नाव घेणार नाही, पण असेन. काय होईल ते... थांब, दार वाजतंय. घरमालक असेल.

मालक नाही. नाना आलेत, आणि त्यांच्यामागे जिन्यात दम खात बाई उभ्या आहेत. त्या कधी कुणाच्या खोलीवर जात नाहीत. नाना माझ्या भरलेल्या पिशवीकडे बघतायत आणि म्हणतायत, ती आधी रिकामी कर, बाईंना बसायला जागा दे. आज त्यांच्या बोटाला पट्टी नाही, अंगठी उघडी आहे. चहा टाकतो.

तुझाच,
भिंगऱ्या