बाहीवरचा हात

दि. ४ मार्च

चि. खारूताईस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ज्याच्या कृपेवाचून झाडाचे पान हलत नाही आणि लेखणीतली शाई कागदावर उतरत नाही, त्याला आधी वंदन करतो आणि मग कामाचे लिहितो. ‘अभय’ या विषयावरची माझी प्रवचने तुझ्या छापखान्यात छापली जाणार आणि मुखपृष्ठाची मांडणी माझी भाचीच करणार, हे पूर्वसुकृतच म्हणायचे. गेल्या वर्षी समुद्रावर तू आम्हा बहीणभावांचे छायाचित्र काढले होतेस. तेच मुखपृष्ठावर घ्यावे, असे मनात आहे. समोर अथांग सागर आणि त्याच्यासमोर उभा मी. विषयाला याहून साजेसे काय असेल?

अडचण एकच. शेजारी तुझी आई आहे, आणि ती तोंड भरून हसते आहे. अभयासारख्या गंभीर तत्त्वाच्या शेजारी बत्तीस दात दिसणे बरे नव्हे. तरी तेवढा भाग कापावा. तिला कळवण्याची घाई नको. माझी चारशे पाने तिने सुवाच्य अक्षरांत उतरवून दिली आहेत. प्रस्तावना तेवढी राहिली आहे. अशा वेळी तिचे चित्त विचलित करू नये, इतकाच हेतू. दुसरा कोणताही नाही.

माया आहेच, तिला उणे पडू देऊ नकोस.

तुझा मामा

दि. ९ मार्च

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

‘दुसरा कोणताही हेतू नाही’ हे वाक्य आईला वाचून दाखवण्याचा मोह महत्प्रयासाने आवरला आहे.

आधी मूळ फोटोची आठवण करून देते, कारण तुम्ही तो विसरलेले दिसता. आई गुडघाभर पाण्यात, ओलीचिंब. तुम्ही कोरड्या वाळूवर, दोन्ही चपला छातीशी धरून. मध्ये तिने तुमची बाही पकडली आहे. आता कात्रीची करामत पाहा. खालून जवळजवळ खांद्यापर्यंत कापले. चपला गेल्या, वाळू गेली, आणि तुम्ही थेट समुद्रात उभे आहात असे वाटू लागले. डावीकडून आई कापली, तिच्याबरोबर लाटही गेली. त्या लाटेवर खिळलेली तुमची नजर एकदम अंतर्मुख झाली. कपाळावरच्या आठीचे चिंतन झाले. वर आकाश भरपूर राहू दिले, तेव्हा तर तुम्ही जवळजवळ ऋषीच झालात. शपथेवर सांगते, एक ठिपकाही बदललेला नाही. फक्त चौकट आवळली आहे.

आई गेली, पण तिचा हात काही जाईना. तो कापावा तर तुमचा खांदा जातो, आणि एका खांद्याचे ऋषी अजून कोणी पाहिलेले नाहीत. म्हणून बाहीवर चार बोटे राहिली आहेत. आमच्या फोरमनकाकांनी नमुना पाहिला आणि हात जोडले. म्हणाले, हा हात या जगातला नव्हे. त्या हातचे धपाटे मी लहानपणी खाल्ले आहेत, त्यामुळे गप्प राहिले.

नमुना सोबत आहे. छपाई बावीस तारखेला. आईला तुम्हीच सांगा. मांजराच्या गळ्यात घंटा मी बांधणार नाही.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
खारूताई

दि. १२ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

सोबत प्रस्तावना पाठवतो. एका बैठकीत लिहून झाली. लेखणी माझ्या हाती होती, लिहिणारा निराळाच होता. मुखपृष्ठाचा नमुना दोन दिवस मेजावर समोर ठेवून मनन केले. मी सागरासमोर एकटा उभा आहे आणि बाहीवर एक हात उमटला आहे! त्या अदृश्याच्या दृश्य हातावर दीड पान लिहिले, आणि लिहिताना माझेच डोळे भरून आले. खारूताईचे फोरमनकाकाही गहिवरले, असे कळते.

नेहमीच्या वळणदार अक्षरात उतरवून द्यावे. प्रकाशनाला तुझी खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे. गुडघ्याला जप. लोभ जसा आहे तसाच राखावा.

दादा

दि. १६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

प्रस्तावना पोचली. उतरवायला बसले आणि तिसऱ्याच ओळीत माझ्याच हाताशी गाठ पडली. त्या अदृश्याला मी चांगली ओळखते, दादा. तुझी चारशे पाने त्यानेच लिहिली आहेत. त्या सकाळी लाट दिसताच तू पळायच्या बेतात होतास, म्हणून बाही धरली. तिची शिवण उसवली. ती घातली त्याच अदृश्याने.

लेकीला खडसावले, तेव्हा तिने दोन्ही फोटो पुढे ठेवले. तू खोटे लिहिलेस असे मी म्हणत नाही. कापलेला फोटो समोर ठेवून ठेवून तोच तुला खरा वाटू लागला. पण मला राग आला नाही असे लिहिले, तर मात्र ते खोटे होईल. हसले म्हणून कापलीस ना मला? आमचे हे गेल्यानंतर दीड वर्षाने मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसले होते, आणि तेही तू चपला पोटच्या पोरासारख्या छातीशी धरल्या होत्यास म्हणून.

असो. चौकट आवळली की विषय उठून दिसतो म्हणे. म्हणून तुझ्या प्रस्तावनेची उजवी किनार मीही बोटभर कापली आहे. तुझे ‘नाही’ नेमके ओळीच्या टोकाला होते. आता वाक्य असे झाले आहे: ‘त्या सकाळी मी लाटांना भ्यालो’. शपथेवर सांगते, एक अक्षरही बदललेले नाही.

प्रकाशनाला मी येत नाही. हात तेवढा पाठवून देईन. बाकीच्या माझी तिथे अडचणच.

तुझी (उरलेली) ठकी

दि. १९ मार्च

चि. ठकीस आणि चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

कापलेले पान मिळाले. ग्रंथ वाचता वाचता केस पिकले, पण इतके चोख भाष्य मला आजवर साधले नाही. ते वाक्य तसेच छापायचे. मी लाटांना भ्यालो होतो, आजही भितो.

आज सकाळी मूळ छायाचित्र काढून तासभर पाहिले. त्यात मी शोभत नाही, ठके. तू शोभतेस. घर रिकामे झालेली बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून हसते आहे आणि घाबरलेल्या भावाला पळू देत नाही. मी चारशे पाने जे शोधत फिरलो ते त्या कोपऱ्यात होते, आणि नेमका तोच कोपरा मी कापायला सांगितला. रागावलीस ते योग्य केलेस. थोरला असूनही क्षमा मागतो.

खारूताई, चौकट सैल कर. अख्खा फोटो घे, चपलांसह. हात कोणाचा ते फोरमनकाकांना सांग. त्यानंतरही त्यांनी हात जोडले, तर अडवू नकोस, त्यांचे काहीच चुकत नाही. माझे नाव आता आकाशात नको, ते खाली वाळूवर घाल. तुझ्या आईचेही घाल. सांगणारा मी, लिहिणारी ती. तिचे पाण्याजवळ असू दे, माझे जरा वर, कोरड्या बाजूस.

ठके, प्रकाशनाला ये. हातासकट, दातांसकट, संपूर्ण ये. मंचाला पायऱ्या पाच आहेत, आणि कठडा नाही. माझी बाही कोणी धरायची?

आणि ही पत्रे पुढे कधी कोणाच्या हाती पडतील, त्या सर्वांना या म्हाताऱ्याचा आशीर्वाद: तुमच्या पुढ्यात लाट येईल तेव्हा तुमच्या बाहीवर असा एक ओला हात असो, आणि तो ज्याचा असेल त्याचे हसू तुमच्या चौकटीत सदैव मावो.

दादा