येते म्हणायचं नव्हतं

रविवार, १६ सप्टेंबर २००७, एजवेअर, लंडन

वेल्सहून संध्याकाळी परतलो. मंगळवारी वसुधाच्या गाठीचा रिपोर्ट येणार. तोवर घरात छताकडे बघत बसण्यापेक्षा चार पावलं चालून येऊ, ही माझीच अक्कल. आणि बायकोला नेलं कुठे, तर डोंगरावरच्या तांब्याच्या बंद खाणीवर! गवताचं पातं नाही, पाखरू नाही, नुसतं तांबडं वाळवंट. निर्जन, निस्तृण, निःशब्द. एकाच डोंगराला इतके उपसर्ग लागलेले मी संस्कृतच्या पुस्तकातही पाहिले नव्हते.

खाणीच्या तोंडाशी कठड्यावर पाटी होती. खाली गाडले गेलेले कामगार वर काढताच आले नाहीत म्हणे. वसुधाने हात जोडले आणि कुणाच्याही घरून निघताना म्हणते तसं सवयीने म्हणाली, "येते हं."

मग तिचाच चेहरा उतरला. "अहो, माणूस गेलेल्या घरातून 'येते' म्हणून निघत नाहीत."

"वेल्श कामगार ते. त्यांना मराठी कुठे कळतंय?"

ती हसली नाही. इतका वाईट नव्हता विनोद.

गाडीत पाच तास ती बुटांवरची तांबडी माती बघत होती. घरी आल्यावर बूट दाराबाहेर काढले आणि मागच्या नळावर पाय धुऊन मगच आत आली, स्मशानातून आल्यासारखी. असल्या गोष्टींची मी जन्मभर टिंगल केली. आज टॉवेल घेऊन दारात उभा राहिलो.

ती वर गेल्यावर मीही गुपचूप पाय धुतले. मग तिचे बूट घेऊन ब्रशने घासले. शिवणीतली माती काही केल्या निघाली नाही.