प्लॉट क्रमांक ३७ वरील जोंधळा

६ सप्टेंबर, शनिवार. वोल्फ्सबुर्ग.

महादेवी विश्वनाथ बिराजदार, आज तुझ्या नावाने पत्र आले. तू जुलैत गेलीस हे बागसंघाला मी रीतसर कळवले होते. तरी पाकिटावर तुझेच नाव. मजकूर असा: भाडेकरूच्या मृत्यूमुळे बागेच्या प्लॉट क्रमांक ३७ चा भाडेकरार संपला. पतीस तो पुढे चालवायचा असल्यास ३१ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे. नसल्यास प्लॉट मोकळा करून किल्ल्या द्याव्यात. दोन्ही परिस्थितींत 'कमाल उंचीचे उल्लंघन करणारे गवत' कापावे.

गवत! तुझ्या माहेरच्या बियाण्याचा जोंधळा, नऊ फूट उंच, त्यांच्या लेखी गवत.

राग नेमका कोणाचा येतो हे कागदावर मांडून पाहिले. यादी लांबली. पहिले नाव तुझे. "जरा पडते हं" असे म्हणून कोणी कायमचे जाते?

१० सप्टेंबर

प्लॉटवर गेलो. संघाचे अध्यक्ष हेर ब्रांट शेजारच्याच प्लॉटवर कुंपण छाटत होते. दोन वाक्ये शोकाची, तिसरे उंचीचे. मी कणीस येईपर्यंत मुदत मागितली.

"चौदा वर्षांत एकदा तरी आले का, हेर बिराजदार?"

नाही आले. कारणही त्यांना मीच एकदा समजावून सांगितले होते. ही रब्बीची जात. दिवस लहान झाल्याखेरीज निसवत नाही, आणि इथे दिवस लहान होईतो थंडी येते. तुलाही दर मे महिन्यात सांगत असे, आलेख काढून. तू कन्नडमध्ये "हौदरी, हौदरी" म्हणून होकार द्यायचीस आणि पेरायचीस.

मग त्यांनी आपल्या खोपटातून फाइल आणली. त्यात माझे पत्र. सहा वर्षांपूर्वी शीगी हुण्णवीला, म्हणजे कोजागरीला, तू नेहमीप्रमाणे चरगा केला होतास. शेत गर्भार असते, त्याचे डोहाळे पुरवायचे, म्हणून पुरणाचे कडबू, भाकरी, भाजी चुरून चारी कडांना शिंपलीस. उंदीर येतील अशी तक्रार झाली. उत्तर मी दिले: "घडला प्रकार खेदजनक आहे. पुनरावृत्ती होणार नाही." जर्मन निर्दोष. सही माझी.

"तुम्ही नेहमीच समंजसपणे वागलात," ब्रांट म्हणाले.

असा अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता.

२१ सप्टेंबर

बसवराजचा फोन. तुझा भाऊ शेतातूनच बोलत होता, वारा ऐकू येत होता. एरीला, त्या काळ्या रानाला, ओल चांगली आहे, तूर कळीला लागेल, वगैरे. जोंधळा कापावा लागणार, असे मी सांगितले.

"कापा की, मामा. तुम्हाला कुठं चरगा करायचाय?" (बहिणीच्या नवऱ्याला मामा म्हणण्याची तुमची रीत अजून माझ्या अंगवळणी पडलेली नाही.)

चरगा बंद होऊन सहा वर्षे झाली, असे मी म्हणालो. तो हसला.

"बंद? कुणी सांगितलं? दर हुण्णवीला अक्का जोंधळ्यात शिरून मला फोन लावायची. तिकडनं ती हुल्लुल्लिगो म्हणायची, इकडं एरीत उभा राहून मी सलांब्रिगो. एकानं हाक मारायची न् एकानं ओ द्यायची, त्याबिगर चरगा होत न्हाई. दोन्ही शेतांचा एकदमच व्हायचा बघा."

"पण या पिकाला कणीस येत नाही हे तिला कळत नव्हते का?"

"शेतकऱ्याची लेक हाय, मामा. कणीस कुणाला पाहिजे होतं? आत उभं राहिलं की जर्मनी दिसत न्हाई म्हणायची."

"मला का सांगितले नाही?"

"सांगून काय? तुम्ही अजून एक कागद लिहिला असता."

मी फोन ठेवून दिला. असभ्यपणा झाला. होऊ दे.

२२ सप्टेंबर

जोंधळ्यात शिरलो. मधोमध हातभर रुंदीची जागा पायांनी घट्ट झालेली. तिथे एक पालथी बादली, बसायला. मी बसलो. खरोखरच काही दिसत नाही. कालव्यावरच्या बोटीचा आवाज तेवढा येतो, तोही पात्यांच्या सळसळीत बुडतो.

चौदा वर्षे तुला दिनमानाचा आलेख दाखवत राहिलो. एकदा तरी मला गप्प करायचे होतेस.

२७ सप्टेंबर

कराराचे उत्तर लिहायला बसलो. करार चालवावा तर कापणे आले. सोडावा तरी कापणे आले. तीन मसुदे केले. तिन्हींत 'अर्थातच नियमांचे पालन करून' हे शब्द आपोआप उतरले. तिन्ही फाडले.

६ ऑक्टोबर. शीगी हुण्णवी.

आपली नंदिनी म्युनिकहून आली, दोन दिवस रजा टाकून. कडबू तिनेच केले, बसवराजला व्हिडिओवर समोर बसवून. दोघांचे संभाषण: तो कन्नडमध्ये, ही जर्मनमध्ये, कडबू मात्र बिघडले नाहीत.

प्लॉटवर तिने टोपली घेतली. "लहानपणी आईला मीच ओ द्यायचे. पापा, तुम्ही पार्किंगमध्ये गाडीत बसायचात. काचा वर करून." हे सगळे मराठीत म्हणाली. टोचायचे असले की तिला मराठी येते.

ती पुढे, मी मागे. तिने पहिला घास शिंपला आणि हाक दिली, "हुल्लुल्लिगो!" कुंपणापलीकडे ब्रांट यांची कात्री थांबली.

ओ द्यायची पाळी माझी. दोन अक्षरे फुटली, स, ला; पुढची नाहीत. नंदिनी वळली नाही. थोडे थांबून तिने ओसुद्धा स्वतःच दिली. चारी कडा तशाच पूर्ण केल्या.

परतताना गाडीत ती म्हणाली, "इस्ट शोन गूट, पापा." ठीक आहे म्हणे. काही ठीक नाही. साठीचा माणूस, दोन पदव्या, आणि एक शब्द उच्चारता येत नाही.

२४ ऑक्टोबर

तापमान शून्याखाली गेले. पाने काळवंडली. नंदिनी फोनवर: आता तो मरणारच आहे, मग कापायला हरकत काय? तर्क बिनचूक. हा माझाच तर्क आहे, माझ्याच पद्धतीने मांडलेला.

कोयता गाडीत ठेवला आहे.

२९ ऑक्टोबर

कोयता घेऊन गेलो. जोंधळ्याचे पहिले ताट डाव्या हातात धरले. वाळले होते, तरी पेराशी अजून ओले. सोडून दिले. बादली घेऊन घरी आलो. एवढेच मोकळे केले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

करार सोडला. सुपूर्तीचा कागद. 'प्लॉट मोकळा केला: होय / नाही.' आयुष्यात प्रथमच अशा ठिकाणी 'नाही' वर खूण केली.

ब्रांट यांनी कागद पाहिला, जोंधळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हेर बिराजदार, असे चालत नाही."

"गेनाऊ," मी म्हणालो. अगदी बरोबर.

"संघ कापून टाकील. पत्र येईल तुम्हाला."

"येऊ द्या. या वेळी मी उत्तर देणार नाही."

कात्री त्यांच्या हातात होती, बंद. सोमवारी माणसे येतील, की ते स्वतःच कापतील, की हिवाळाभर तो तसाच उभा राहील, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी फाटकाला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या परत केल्या.