माझ्या अंगावरचे जंतू

छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आईस,
सोनियाचा दुरूनच पाया पडून नमस्कार.

काळजी करू नको. बाळाचं वजन दीड किलो झालं. मी दोन्ही वेळा पोटभर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत? दादानं रानातलं अद्रक काढलं का?

एक गोष्ट समजंना. फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. दिवस भरायच्या आधी आलं म्हणून बाळ काचेच्या पेटीत आहे. बारा दिवस मी कोपरापर्यंत हात धुऊन नुसतं बघत होते. काल दवाखान्यातल्या कालिंदी सिस्टर म्हणाल्या, "आता छातीशी घ्या."

मी मागं सरले. "माझ्या अंगावर जंतू असतील."

"असतीलच. तेच पाहिजेत त्याला. आईच्या कातडीवरचे बॅक्टेरिया बाळाच्या अंगावर बसले, की वाईट जंतूंना जागा कमी राहते."

"मग हात कशाला धुवायचे?"

"हाताला दवाखान्यातले लागतात. ते त्याला सोसायचे नाहीत."

मला अर्धंच कळलं. बॅक्टेरिया म्हणजे म्हणे एकच पेशी. ती वाढली की मधून फुटून दोन होतात. त्यातली आई कोणती अन् लेकरू कोणतं, असं विचारलं तर सिस्टर बाळाला पेटीतून काढायला लागल्या.

शेवटी घेतलं गं. ते छातीवर निजलं अन् मी भीतीनं श्वाससुद्धा हळू घेत होते. चांगलं करतेय का वाईट, कळंना. मला पहिल्यांदा घेतलंस, तेव्हा तुला तरी कळत होतं का?

तुझी लेक,
सोनिया